अभिन्यासातील घनता आणि पायवाटेचा हक्क : यवतमाळ नगरपरिषद क्षेत्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

यवतमाळ नगरपालिकेची पुनर्स्थापना १८९४ मध्ये झाली. १९०१ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या अवघी १०,५४५ होती; २०११ मध्ये ती १,१६,५५१ झाली. परंतु या दुसऱ्या आकड्यातून शहराचे खरे आकारमान कळत नाही. वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा ही लगतची गावे त्या वेळी नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर होती आणि शहराची नवी वस्ती प्रामुख्याने तेथेच उभी राहत होती. पुढे हद्दवाढ होऊन ही गावे शहरात आली. गावे शहरात आली म्हणजे त्यांची शेतेही आली आणि शेतांबरोबर शेतांमधून जाणाऱ्या वाटाही आल्या. प्रस्तुत लेखाचा विषय या वाटा आहेत.

एखादे शेत अकृषक होऊन त्यावर लेआऊट, म्हणजे अभिन्यास, पाडला जातो तेव्हा नगरपरिषदेसमोर दोन प्रश्न असतात. या जमिनीवर किती कुटुंबे राहावीत हा पहिला. या जमिनीतून इतरांनी पायी कोठून जावे हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी नियमांची पाने भरलेली आहेत. चटई क्षेत्र, भूखंडाचे आकारमान, सामासिक अंतरे, रस्त्याची रुंदी असे सारे काही मोजले जाते. दुसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक घनतेत पुढे बदल होऊ शकतो, नव्हे तो होतोच. वाट मात्र अभिन्यास मंजूर होण्याच्या एकाच क्षणी राहते किंवा जाते. त्यामुळे या दोन प्रश्नांना दिले जाणारे महत्त्व आज जसे आहे त्याच्या उलट असावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निर्णय कोण घेते?

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, एखाद्या गृहप्रकल्पात किती घरे असावीत आणि बांधकाम करणाऱ्याने सार्वजनिक पायवाट द्यावी की नाही यावर नगर परिषदेच्या सभेत उघड चर्चा होते. शेजारी राहणारे नागरिक येऊन बोलतात, सदस्य मते देतात. आपल्याकडील व्यवस्था निराळी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नगरपरिषद ही नियोजन प्राधिकरण असली तरी कलम ४४ खालील अर्जाची छाननी व त्यावरील आदेश ही व्यवहारात मुख्याधिकारी आणि नगररचना विभाग यांच्या पातळीवरील बाब असते. अर्ज नियमांत बसला की मंजुरी मिळते. साठ दिवसांत निर्णय कळविला नाही तर, प्रस्ताव नियमांस धरून असल्यास, परवानगी मिळाल्याचे मानले जाते. सभागृहात एकेका अभिन्यासावर चर्चा होत नाही.

सभागृहाचा अधिकार त्याआधीच्या टप्प्यावर असतो. शहराची विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करणे, प्रारूप योजना प्रसिद्ध करणे, तीवर हरकती व सूचना मागविणे, नियोजन समितीचा अहवाल विचारात घेणे ही कामे नगरपरिषदेची आहेत. वीस वर्षांतून किमान एकदा योजनेचे पुनर्विलोकन व्हावे असे कलम ३८ सांगते. मधल्या काळात एखादी दुरुस्ती हवी असल्यास कलम ३७ चा मार्ग आहे. नगरसेवकांना पायवाटेविषयी बोलावयाचे असेल तर त्याची जागा येथे आहे. आणि हद्दवाढीत आलेल्या गावांच्या बाबतीत ही जागा अधिकच महत्त्वाची, कारण तेथील जमिनींचा नकाशा पहिल्यांदाच शहराच्या दृष्टीने काढला जात असतो. राज्यातील बहुतेक नगरपरिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांनंतर त्यांत पुन्हा लोकनियुक्त सभागृहे आली, म्हणून हा विषय मांडण्यास हा काळ अनुकूल आहे.

अभिन्यासावर अटी घालता येत नाहीत असे नाही. कलम ४५ प्रमाणे परवानगी सशर्त देता येते. मात्र अशा अटी शासनाच्या पूर्वमान्यतेने घालावयाच्या असतात आणि त्यांची कारणे आदेशात नमूद करावी लागतात. अधिकाऱ्याने आपल्या मर्जीने एखाद्याकडून पायवाट मागावी आणि दुसऱ्याकडून मागू नये असे होऊ नये, यासाठी ही तरतूद योग्यच आहे. त्याचा अर्थ इतकाच की, वाट मागावयाची तर ती आधी योजनेत किंवा नियमांत आणावी लागेल.

घनतेचे गणित

राज्यातील बहुतांश क्षेत्रास लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली. तीनुसार नगरपरिषद क्षेत्रात, दाट वस्तीच्या भागाबाहेर, मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० आहे. भूखंडासमोरील रस्ता रुंद असेल तर अधिमूल्य भरून वा हस्तांतरणीय विकास हक्क वापरून त्यात वाढ करता येते. ०.४० हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीचा अभिन्यास असेल तर दहा टक्के क्षेत्र करमणुकीची खुली जागा म्हणून सोडावे लागते.

हे नियम प्रत्यक्षात काय देतात हे पाहण्यासाठी शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद असे एक हेक्टरचे काल्पनिक शेत घेऊ. त्याच्या १०,००० चौरस मीटरपैकी १,००० खुल्या जागेसाठी गेले. अंतर्गत रस्त्यांना सुमारे तीन हजार लागतील असे धरू. उरलेल्या सहा हजारांत १५० चौरस मीटरचे चाळीस भूखंड पडतात. प्रत्येक भूखंडावर एक कुटुंब आणि कुटुंबात सरासरी साडेचार माणसे धरली तर हेक्टरी १८० माणसांची वस्ती होते. आता हेच घर दुमजली झाले आणि वरचा मजला भाड्याने दिला गेला तर १.१० निर्देशांकात मिळणाऱ्या १६५ चौरस मीटरमध्ये दोन कुटुंबे सहज सामावतात. म्हणजे अभिन्यासाच्या नकाशावरील एकही रेघ न बदलता वस्ती ३६० वर जाते. माणशी रोज १३५ लिटर या मानकाने पाण्याची गरज २४,३०० लिटरवरून ४८,६०० लिटर होते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही दोन्ही धरणे आटल्यानंतर यवतमाळकरांनी काय सोसले हे येथे सांगण्याची गरज नाही. बेंबळा धरणाचे पाणी शहरात आणण्याची योजना त्याच टंचाईच्या पार्श्वभूमीवर चर्चेत राहिली. घनता हा पाण्याचा, सांडपाण्याचा व रस्त्यावरील वाहनांचा प्रश्न आहे यात शंका नाही. परंतु तो पंधरा-वीस वर्षांत हळूहळू वाढणारा प्रश्न आहे आणि त्यावर नळयोजना, गटारयोजना असे उपाय मागाहून, महाग का होईना, करता येतात.

उलट दिशेने पाहिले तर विरळ वस्तीही स्वस्त नसते. शहराबाहेरील अनेक अभिन्यासांत गुंतवणूक म्हणून घेतलेले भूखंड वर्षानुवर्षे मोकळे पडलेले दिसतात. त्यांच्यासमोरचा रस्ता, दिवा व नाली यांचा खर्च मात्र चारच घरांसाठी पूर्ण करावा लागतो. घनता कमी ठेवली म्हणजे शहर चांगले राहिले, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

पांदण आणि पायमार्ग

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला पाणंद म्हणतात तिला आपल्याकडे पांदण म्हणतात. दोन बाजूंच्या धुऱ्यांमधून जाणारी, बैलगाडी जाईल एवढी वाट. गावाच्या मूळ नकाशात ग्रामीण गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी दाखविलेला असतो व त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविला जातो व त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. नकाशावर रेष असलेल्या या वाटा कोणा एका शेतकऱ्याच्या मालकीच्या नसतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे, अन्य कोणाची मालकी सिद्ध नसेल तर, सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा शासनाच्या मालकीच्या असतात. नकाशावर नसलेल्या परंतु वहिवाटीत असलेल्या वाटांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बांधावरून शेतात जाण्याचा हक्क कलम १४३ खाली तहसीलदार ठरवून देतात. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडविलेली वाट मोकळी करता येते.

विदर्भासाठी याहून एक वेगळी तरतूद आहे आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. संहितेच्या ज्या प्रकरणात निस्तार पत्रक येते त्याच प्रकरणात, कलम १६५ मध्ये, वाजिब-उल-अर्जची तरतूद आहे. शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनींवरून व पाण्यावरून पाटपाण्याचा, येण्याजाण्याचा व मासेमारीचा गावाचा जो रिवाज असेल, तो जिल्हाधिकाऱ्यांनी तपासून नोंदवावयाचा असतो. खासगी शेतातून गाव कोठून जात होते याचा लेखी पुरावा म्हणून अशा नोंदीचे मोल मोठे आहे. ज्या गावाची नोंद उपलब्ध असेल त्या गावाचा अभिन्यास ती न पाहता मंजूर होऊ नये.

अडचण अशी की, वरीलपैकी काही संरक्षणे शेतीपुरतीच आहेत. कलम १४३ चा दावा शेतीसाठी जमीन धारण करणाऱ्याचा असतो. शेत अकृषक झाले की दावा करणाराच उरत नाही. ज्या वाटेने पूर्वी एक शेतकरी शेतात जात असे तिने आता दोनशे माणसे शाळेत, दवाखान्यात, बसथांब्यावर जाऊ शकली असती. परंतु गरज वाढली त्याच दिवशी हक्क क्षीण होतो. दुसरी विसंगती योजनांतील आहे. ग्रामीण भागात पांदण रस्ते मोकळे व पक्के करण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये पालकमंत्री पांदण रस्ते योजना आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. म्हणजे नगरपरिषदेच्या हद्दीपलीकडे पांदणीसाठी सार्वजनिक निधी खर्च होतो आणि हद्दीच्या अलीकडे तीच पांदण भूखंड क्रमांकांखाली गडप होऊ शकते.

यवतमाळच्या रचनेत याचा परिणाम विशेष जाणवतो. हे शहर बाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने वाढले: आर्णी मार्ग, दारव्हा मार्ग, धामणगाव मार्ग, पांढरकवडा मार्ग, नागपूर मार्ग. प्रत्येक मार्गाला दोन्ही बाजूंनी अभिन्यास फणीच्या दातांसारखे जोडले गेले. प्रत्येक अभिन्यासाचा रस्ता मुख्य मार्गाकडे तोंड करून उघडतो आणि शेजारच्या अभिन्यासाकडे पाठ करतो. त्यामुळे मागच्या कुंपणापलीकडे दोनशे पावलांवर असलेल्या शाळेत जाण्यासाठीही मुलाला मोठ्या रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो, आणि मोठा रस्ता म्हणजे ट्रक व बसगाड्यांचा रस्ता. जुन्या पांदणी नेमक्या या दातांना आडव्या जोडणाऱ्या होत्या, कारण त्या एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे जात, शहराकडे नव्हे. (मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या पट्ट्याचेही काहींना या संदर्भात आकर्षण वाटते. परंतु ती जमीन नगरपरिषदेची नाही आणि त्या मार्गाचे रुंदीकरण व्हावे ही जनतेची जुनी मागणी आहे. म्हणून तो विषय येथे बाजूस ठेवला आहे.)

खुल्या जागेचा नियम व त्यातील पेच

दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते, तर तीच लांबट पट्ट्याच्या रूपात घेऊन तीतून पायवाट का न काढावी, असे कोणी सहज विचारील. येथे नियमच आडवा येतो. राज्यातील विकास नियंत्रण नियमांत खुल्या जागेला किमान रुंदी ठरवून दिलेली असते आणि ती जागा अरुंद असेल तर तिची लांबी सरासरी रुंदीच्या अडीच पटींहून अधिक असू नये असे बंधन असते. या बंधनामागचा हेतू प्रामाणिक आहे. पूर्वी कोपऱ्यातील तिरकस चिंचोळे तुकडे, नाल्याकाठचा उतार, विजेच्या तारांखालची पट्टी, जे विकले जाणार नाही ते खुली जागा म्हणून दाखविण्याची प्रवृत्ती होती. मुलांना खेळता येईल अशी जागा मिळावी म्हणून हे प्रमाण आले. परंतु त्याच प्रमाणामुळे सलग वाट खुल्या जागेत बसत नाही, आणि रस्त्याच्या व्याख्येत बसविण्यास ती फार अरुंद ठरते. मैदानही नाही आणि रस्ताही नाही, अशा अवस्थेत पायवाट नियमांच्या दोन रकान्यांमधून निसटते.

वाट ठेवली तर जमीनमालकाचे किती जाते? वरील शंभर मीटरच्या शेतातून सव्वाआठ फुटी पायमार्ग आरपार गेला तर त्याचे क्षेत्र सुमारे २५० चौरस मीटर होते, म्हणजे दोन भूखंडांहून थोडे कमी. गाडीमार्गाच्या रुंदीने सव्वातीन ते सव्वाचार भूखंड जातात. चाळीसात चार हे नुकसान नगण्य म्हणता येणार नाही. मालक विरोध करतो तो दुष्टपणाने नव्हे. मोठ्या शहरांत याची भरपाई घनतेच्या रूपाने होते. विकास योजनेतील रस्त्यासाठी जमीन विनामोबदला दिल्यास तिच्या बदल्यात चटई क्षेत्र वा हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. पुण्या-नागपुरात त्याला बाजारभाव आहे. यवतमाळसारख्या ठिकाणी मात्र अभिन्यास पाडणारा प्रामुख्याने भूखंड विकतो. बांधकाम खरेदीदार करतो. जास्तीच्या चटई क्षेत्राचे त्याला मोल नाही. म्हणून महानगरांसाठी घडविलेले हे आमिष येथे निष्प्रभ ठरते.

येथे उपयोगी पडेल ती सवलत रस्त्यांच्या लांबीत आहे. नऊ मीटर रुंदीचा अंतर्गत रस्ता अठ्ठावीस मीटरने कमी केला की अडीचशे चौरस मीटर वाचतात. पायी जाणाऱ्यांसाठी स्वतंत्र जोड असेल तर अभिन्यासाच्या मागच्या टोकापर्यंत वाहनांचा रस्ता नेण्याची गरज काही ठिकाणी उरत नाही. रेखाटनाच्या वेळीच हा विचार झाला तर एकही भूखंड न गमावता पायमार्ग बसू शकतो. रेखाटन झाल्यावर तो बसविणे केवळ अशक्य.

मागणीची मर्यादा

सार्वजनिक संस्थेने खासगी मालकाकडे वाट किती मागावी, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा डोलन विरुद्ध टायगार्ड शहर हा १९९४ मधील निर्णय बोलका आहे. ऑरेगन राज्यातील टायगार्ड या शहरात एका दुकानाच्या विस्ताराला परवानगी देताना परिषदेने दोन गोष्टी मागितल्या: ओढ्याच्या पूरक्षेत्रातील जमीन आणि तिच्या लगत पादचारी व सायकलस्वारांसाठी पंधरा फुटी पट्टा. दोन्ही मिळून सुमारे दहा टक्के जागा जात होती. न्यायालयाने वाटेची कल्पना चुकीची ठरविली नाही. प्रकल्पामुळे पडणारा भार आणि मागितलेली जमीन यांत ढोबळ प्रमाण असावे व ते शहराने त्या प्रकल्पापुरते दाखवून द्यावे, एवढे सांगितले. पायवाटेमुळे रहदारी कमी होऊ शकेल, हे शहराचे म्हणणे पुरेसे मानले गेले नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पंडित चेतराम वशिष्ठ प्रकरणात (१९९५) याच प्रश्नाचा वेगळ्या वाटेने विचार केला. अभिन्यासातील उद्यान व शाळेची जागा दिल्ली महानगरपालिकेच्या नावे विनामूल्य हस्तांतरित करण्याची अट न्यायालयाने अमान्य केली. मात्र अशी जागा नकाशात दाखविल्यावर मालक तिचा जणू विश्वस्त होतो. ती अन्य कामी वापरण्याचा हक्क त्याला उरत नाही, असेही स्पष्ट केले. त्याआधी १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयास देण्याचा निर्णय रद्द झाला होता आणि परिसरातील रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हे मान्य झाले होते. या निर्णयांचा आपल्या विषयापुरता बोध असा की, मालकी नगरपरिषदेकडे आली नाही तरी वाट वाचू शकते. परंतु त्यासाठी ती मंजूर नकाशात दाखविलेली असली पाहिजे. जी रेष नकाशात नाही तिचा विश्वस्त कोणीच होत नाही.

जुन्या पांदणीच्या बाबतीत तर प्रमाणाचा प्रश्न उद्भवत नाही. जे आधीच सार्वजनिक आहे ते मागावे लागत नाही; ते मोजून वगळावे लागते. अभिन्यासाच्या एकूण क्षेत्रातून पांदणीचे क्षेत्र प्रथम वजा करून मग दहा टक्क्यांची गणना व्हावी. पायमार्ग नव्याने हवा असेल तेथेच मोबदल्याचा विचार यावा.

काही हरकती

वाटेला विरोध केवळ अभिन्यास पाडणाऱ्याचा असतो असे नाही. घराच्या मागून वाट नको, चोरांची भीती वाटते, लोक कचरा टाकतात, रात्री टोळकी बसतात, असे रहिवासीच म्हणतात. या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या विशेषतः कोठे ऐकू येतात हे पाहावे. अर्धे भूखंड मोकळे असलेल्या अभिन्यासात, जेथे वाटेकडे एकही खिडकी उघडत नाही, तेथे वाट बेवारस होते. दाट वस्तीतील, दुतर्फा दारे असलेली बोळ अरुंद असूनही निर्धास्त असते. घनता व पायवाट हे दोन विषय येथे एकमेकांना भेटतात: वाटेला जाग हवी तर वस्ती पुरेशी दाट हवी, आणि दाट वस्ती सुसह्य व्हावी तर पायी जाण्यास वाट हवी. घनतेला विरोध करून वाटेचा आग्रह धरणारा किंवा घनता घेऊन वाट नाकारणारा अशा दोघांचेही म्हणणे अर्धे आहे.

गुंठेवारीचा अनुभव येथे स्मरतो. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या अनधिकृत भूखंडांना नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा झाला. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. दोन्ही वेळी घरे नियमित करता आली, शुल्क घेता आले, सेवा देता आल्या. न सोडलेली वाट मात्र कोणत्याही शुल्काने परत आणता येत नाही. त्यासाठी कोणाचे तरी घर पाडावे लागते.

नगरपरिषदेच्या हाती असलेले उपाय

तात्पुरता अभिन्यास मंजूर होताना अर्जासोबत मोजणी नकाशा, सात-बारा, विकास योजनेचा उतारा असे कागद घेतले जातात. त्यात मूळ गाव नकाशाची प्रत आणि उपलब्ध असेल तेथे वाजिब-उल-अर्जचा उतारा जोडणे आवश्यक करावे. लगतच्या चारही बाजूंच्या मंजूर अभिन्यासांचे रस्ते त्याच नकाशावर दाखविले जावेत, म्हणजे आपली वाट शेजाऱ्याच्या कुंपणावर जाऊन संपते की नाही हे टेबलावरच दिसेल. हे कागद मागण्यासाठी कोणत्याही कायद्यात बदल करावा लागत नाही.

हद्दवाढीतील गावांसाठी विकास योजनेत पांदणी व पायमार्ग हे स्वतंत्र चिन्हाने दाखविले जाणे ही दुसरी गोष्ट. त्यासाठी सर्वसाधारण सभेने ठराव करून भूमी अभिलेख कार्यालयाकडून गाववार नकाशे घ्यावेत आणि ते प्रभागांत लावून वहिवाटीच्या वाटा नागरिकांकडून नोंदवून घ्याव्यात. महाविद्यालयांचे भूगोल व समाजशास्त्र विभाग या कामात थेट उपयोगी पडू शकतात. जुना नकाशा हाती घेऊन वडगाव वा लोहाऱ्याच्या शिवारात चालत जाणे, तुटक रेष कोठे अजून जिवंत आहे, कोठे कुंपणाने अडली आहे व कोठे घराखाली गेली आहे हे नोंदविणे हे एका सत्राचे क्षेत्रकार्य आहे.

तिसरी गोष्ट अंतिम अभिन्यासाच्या वेळची. रस्ते, नाल्या व खुल्या जागा जागेवर आखल्यानंतरच अंतिम मंजुरी दिली जाते आणि भूखंडांची विक्री सुरू होते. याच वेळी पायमार्गाच्या दोन्ही टोकांना हद्दीचे दगड बसवून त्यांची मोजणी नोंदली गेली पाहिजे. पहिले कुंपण उभे राहण्याआधी हे दगड रोवले जाणे आवश्यक आहे. त्यानंतरचा प्रत्येक दावा हा एका कुटुंबाविरुद्धचा दावा होतो आणि तेव्हा नगरपरिषद सहसा माघार घेते.